औषध कोणाच्या रक्तावर तपासले?

दवाखान्यातून औषध हातात पडले की आपण दोन प्रश्न विचारतो. गोळी कधी घ्यायची, आणि पैसे किती होतील? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हे औषध शोधताना आणि तपासताना कोणाची शरीरे पाहिली होती? त्यात आपल्यासारखी माणसे होती का?

या महिन्याच्या आरोग्य पानासाठी आम्ही हाच तिसरा प्रश्न घेतला आहे. त्यासाठी आधी आफ्रिकेतील नायजेरिया या देशात जावे लागेल. तिथल्या एका शास्त्रज्ञाने याच प्रश्नावर कंपनी काढली, ती वाढली आणि चार वर्षांत बंदही पडली. तिथून आपण विदर्भातल्या आपल्या घरांकडे येऊ. नायजेरियाच्या घरांना आणि आपल्या घरांना जोडणारा एक आजार आहे. तो म्हणजे सिकलसेल.

जीनोम म्हणजे काय?

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. बहुतेक प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक लांब धागा असतो. त्यावर शरीर कसे बांधायचे आणि कसे चालवायचे, याच्या सूचना लिहिलेल्या असतात. ही लिपी फक्त चार अक्षरांची आहे, पण मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे. त्याची एक प्रत आईकडून येते आणि एक वडिलांकडून. या मजकुरातल्या एकेका कामाच्या सूचनेला जनुक म्हणतात. माणसात अशी साधारण २०,००० जनुके आहेत. सगळा मजकूर मिळून जो होतो तो जीनोम.

कोणतीही दोन माणसे घ्या, त्यांचा हा मजकूर ९९.९ टक्के सारखा असतो. उच्च आणि नीच असे काही त्यात लिहिलेले नाही. पण उरलेल्या थोड्याशा फरकाने आजारात आणि औषधात मोठा फरक पडू शकतो. सिकलसेलचेच पाहा. रक्तातले हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकात एकच अक्षर बदलते. त्यामुळे गोल, मऊ तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. बारीक रक्तवाहिन्यांत ती अडकते, आणि मूल रात्रभर हातपाय धरून रडते.

माणसाचा जीनोम पहिल्यांदा वाचण्याचे काम २००३ मध्ये पूर्ण झाले. त्या प्रकल्पावर अब्जावधी डॉलर खर्च झाले होते. आज एका माणसाचा जीनोम काहीशे डॉलरांत वाचता येतो. त्यामुळे जनुके पाहून आजार ओळखणे, कोणाला कोणते औषध किती द्यायचे ते ठरवणे आणि नवीन औषध शोधणे ही कामे जगभर चालू झाली आहेत.

यादीत नाव नसलेली माणसे

रेशनच्या यादीत नाव नसेल तर दुकानात धान्य असूनही आपल्या पिशवीत पडत नाही. जीनोमच्या संशोधनात तसेच घडले. जनुके आणि आजार यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांत २००९ पर्यंत जेवढे लोक घेतले होते, त्यांतले ९६ टक्के युरोपीय वंशाचे होते. २०१६ मध्ये पुन्हा मोजणी झाली. तेव्हाही पाचातले चार जण युरोपीय वंशाचेच निघाले. आफ्रिकी वंशाचे लोक फक्त ३ टक्क्यांच्या आसपास होते. पैसा, प्रयोगशाळा आणि विद्यापीठे ज्या देशांत होती, तिथल्याच माणसांची मोजणी झाली.

यात नुकसान कसे होते, त्याचे अमेरिकेतले एक उदाहरण आहे. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आनुवंशिक आजार असतो. जनुकातले काही बदल दिसले की 'तुम्हाला या आजाराचा धोका आहे' असे सांगत. हा निष्कर्ष काढताना तुलनेसाठी जी निरोगी माणसे घेतली, त्यांत काळी माणसे फारच कमी होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की त्यांतले काही बदल काळ्या लोकांत नेहमीचेच असतात आणि त्यांनी अपाय होत नाही. म्हणजे काही कृष्णवर्णीय घरांना नसलेल्या आजाराची भीती घालण्यात आली होती. सुरुवातीलाच थोडी काळी माणसे तुलनेत घेतली असती तर हे टळले असते.

आता उलट बाजू पाहा. अमेरिकेतल्या डॅलस शहरात डॉ. हेलन हॉब्ज आणि डॉ. जोनाथन कोहेन यांनी काळ्या लोकांनाही अभ्यासात पुरेशा संख्येने घेतले. त्यांना दिसले की काही जणांच्या 'पीसीएसके९' नावाच्या जनुकात असा बदल आहे की त्यांच्या रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल जन्मापासून कमी राहते. २००६ च्या अहवालात असे बदल काळ्या लोकांपैकी २.६ टक्के जणांत आढळले, आणि त्यांच्यात हृदयविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी होता. या शोधाच्या बळावर २०१५ मध्ये कोलेस्टेरॉलची नवी इंजेक्शने बाजारात आली. ती आज सर्व वंशांच्या रुग्णांना देतात. ज्यांना यादीत घेतले नव्हते त्यांना घेतल्यावर फायदा सगळ्या जगाचा झाला.

आपल्या भागातलेही एक उदाहरण आहे. २००९ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात दिसले की दक्षिण आशियातल्या साधारण ४ टक्के लोकांत हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकातली २५ अक्षरे गळालेली असतात. अशा लोकांना पुढील वयात हृदय कमजोर होण्याचा धोका जास्त असतो. केवळ युरोपातली माणसे तपासत राहिलो असतो तर हे कळलेच नसते.

लागोसची कंपनी

डॉ. आबासी एने-ओबाँग हे नायजेरियाचे. कर्करोगाच्या जीवशास्त्रात त्यांनी लंडनमध्ये पीएच.डी. केली. त्यांचे म्हणणे साधे होते. जगातल्या जनुकीय संशोधनात आफ्रिकेतले नमुने ३ टक्क्यांहूनही कमी आहेत. पण माणसाची जात आफ्रिकेतच जन्मली आणि सर्वांत जास्त काळ तिथेच राहिली, त्यामुळे जनुकांतली विविधताही सर्वांत जास्त आफ्रिकेतच आहे. शोधायचे जिथे सर्वांत जास्त आहे, तिथेच कोणी शोधत नाही.

२०१९ मध्ये त्यांनी 'फिफ्टीफोर जीन' ही कंपनी काढली. आफ्रिकेत ५४ देश आहेत, म्हणून नावात ५४. नायजेरियातले सर्वांत मोठे शहर लागोस हे कामाचे केंद्र झाले. कंपनीचे काम असे होते. रुग्णालयांशी करार करायचा, रुग्णाची संमती घेऊन रक्ताचा नमुना आणि आजाराची माहिती घ्यायची, नाव काढून टाकून ती जपून ठेवायची आणि तिच्यावर संशोधन करायचे. असे नमुने अतिथंड कपाटांत जपून ठेवण्याच्या जागेला बायोबँक म्हणतात. २०२० मध्ये १ लाख नायजेरियन लोकांच्या जनुकांचा अभ्यास जाहीर झाला. मधुमेह, कर्करोग, मूत्रपिंडाचे आजार आणि सिकलसेल यांसारख्या आजारांची मुळे त्यातून शोधायची होती. नमुने परदेशी न पाठवता लागोसमध्येच वाचता यावेत म्हणून तिथे प्रयोगशाळाही उभी राहिली.

हे काम तिथल्याच माणसाने करण्याला महत्त्व होते. नायजेरियाच्या लोकांनी बाहेरच्यांचे संशोधन सोसलेले आहे. १९९६ मध्ये कानो शहरात मेंदूज्वराची साथ होती. तेव्हा फायझर या अमेरिकन कंपनीने सुमारे २०० मुलांवर एका नव्या औषधाची चाचणी घेतली. त्यांतली ११ मुले दगावली. आमची नीट संमती घेतली नव्हती, असे पालकांचे म्हणणे होते. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण २००९ मध्ये कानो राज्याशी ७.५ कोटी डॉलरांची तडजोड केली. अशा देशात पुन्हा कोणी 'रक्त द्या' म्हणाले, तर लोक आधी त्याचा चेहरा पाहणार.

कंपनी बसली, प्रश्न उरले

कंपनीला गुंतवणूकदारांकडून तीन वर्षांत सुमारे ४.५ कोटी डॉलर मिळाले. कोरोनाच्या काळात तिने नायजेरियात कोविडच्या चाचण्या केल्या आणि त्यातून उत्पन्न आले. पुढे साथ ओसरली, चाचण्या कमी झाल्या आणि उत्पन्न आटले. जनुकांच्या संशोधनाचे फळ हाती यायला वर्षे लागतात, पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. २०२२ मध्ये मोठी नोकरकपात झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉ. एने-ओबाँग प्रमुखपदावरून दूर झाले. २०२३ मध्ये कंपनी गुंडाळण्यात आली. डॉ. एने-ओबाँग यांनी 'सिंडिकेट बायो' नावाची दुसरी कंपनी उभी केली. तिचाही विषय आफ्रिकेतल्या लोकांची जनुके आणि त्यांचे आजार हाच आहे.

या माणसाने विचारलेला प्रश्न बरोबर होता, असे आम्हाला वाटते. कंपनी बंद पडल्याने तो खोटा ठरत नाही. पण त्यातून दुसरा प्रश्न पुढे येतो आणि तो आपल्या कामाचा आहे. लोकांनी विश्वासाने दिलेले रक्त कंपनीच्या कपाटात होते. कंपनी बंद पडली की दिवाळखोरीच्या हिशेबात खुर्च्या, टेबले आणि यंत्रे विकली जातात. रक्त आणि त्यातली माहितीही तशीच विकण्याची वस्तू आहे का? ती कोणाची? देणाऱ्याची, रुग्णालयाची, कंपनीची की देशाची? हे आधी कागदावर लिहिलेले नसेल, तर नंतर गरिबाचे कोण ऐकणार?

म्हणून यादीत नाव येणे ही अर्धीच गोष्ट झाली. त्या यादीवर आपला हक्क किती आणि त्यातून निघालेले औषध आपल्याला परवडणार का, ही उरलेली अर्धी. सिकलसेलमध्येच हे उघड दिसते. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेने सिकलसेलवर जनुकात बदल करणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. त्याचे नाव 'कॅसगेव्ही'. रुग्णाच्याच पेशी बाहेर काढतात, त्यांच्या जनुकात बदल करतात आणि त्या परत शरीरात सोडतात. हा मोठा शोध आहे. अमेरिकेत त्याची किंमत ठरली २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांच्या वर. सिकलसेलचे सर्वांत जास्त रुग्ण आहेत नायजेरियात आणि भारतात, आणि औषध असे की गावेच्या गावे विकली तरी मिळणार नाही. दिल्लीतल्या सरकारी संस्थेत, जीनोम आणि समवेत जीवशास्त्र संस्थेत, अशा उपचाराची स्वस्त देशी पद्धत तयार करण्याचे काम चालू आहे. आपण लक्ष ठेवायचे ते अशा कामावर, आणि मागणी करायची तीही त्यासाठीच.

नायजेरिया आणि विदर्भ

नायजेरियात साधारण चार माणसांत एक जण सिकलसेलचा वाहक असतो. वाहक म्हणजे एका पालकाकडून सिकलचे जनुक आले आणि दुसऱ्याकडून चांगले. त्याला 'एएस' म्हणतात. वाहकाला सहसा त्रास नसतो, तो आजारी नसतो. दोन्हीकडून सिकलचे जनुक आले तर 'एसएस', म्हणजे आजार.

हे जनुक टिकून का राहिले, याचे कारण मलेरिया. सिकलच्या वाहकाला मलेरियाने मरण्याचा धोका कमी असतो, हे १९५४ मध्ये डॉ. अँथनी अ‍ॅलिसन यांनी दाखवले. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरियाचा कहर होता, तिथे हे जनुक वाढले. पश्चिम आफ्रिकेतही आणि पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातही. त्यामुळे सिकलसेल हा कोणाच्या पापाचा, घाणीचा किंवा 'खराब रक्ता'चा पुरावा नाही. मलेरियाच्या मुलखात आपले पूर्वज तगून राहिले, त्याची ती खूण आहे.

भारतात सिकलसेलची नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद प्रसिद्ध केली. त्यात आपला समाज होता. विदर्भातल्या काही तपासण्यांत आपल्या समाजात पाचांत एकाच्या आसपास वाहक आढळले आहेत.

पुस्तकांत बरीच वर्षे असे लिहिले जात होते की भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो. आपल्याकडच्या रुग्णांत बाळपणाचे हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते आणि त्याने थोडे संरक्षण मिळते, हे खरे. पण नागपूरच्या डॉक्टरांनी मुलांना प्रत्यक्ष तपासले तेव्हा तीव्र वेदना, न्यूमोनिया आणि पुन्हा पुन्हा रक्त चढवण्याची गरज असलेली अनेक मुले दिसली. 'सौम्य' हा शब्द सगळ्यांना लागू नव्हता. याच नागपुरात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असेही दिसले की हायड्रॉक्सीयुरिया हे औषध परदेशी पुस्तकांतल्यापेक्षा कमी डोसमध्येही आपल्या मुलांना गुणकारी ठरते. डोस कमी म्हणजे खर्च कमी आणि रक्तावरचे दुष्परिणामही कमी. आपल्या माणसांना तपासल्याने काय हाती लागते ते यावरून समजावे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. मोहीम मुख्यतः आदिवासीबहुल भागांसाठी आखली आहे आणि आदिवासी बांधवांना ती मिळालीच पाहिजे. पण नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या शहरी वस्त्यांत राहणारी बौद्ध घरे, किंवा कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेली आपली मुले, यांची नावे कोणत्या यादीत आहेत? लागोसमध्ये जो प्रश्न विचारला गेला, तोच आपण आपल्या आरोग्य केंद्रात विचारायचा आहे.

बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध आणि आजचे जनुकशास्त्र

मे १९१६ मध्ये बाबासाहेबांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते २५ वर्षांचे होते. जातीत लग्न करण्याची सक्ती, म्हणजे अंतर्विवाह, हेच जातीचे खरे लक्षण आहे, असे त्यांनी त्यात मांडले. शंभर वर्षांनी जनुकशास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले लोकसमूह एकमेकांत सर्रास मिसळत होते. नंतर ते मिसळणे थांबले आणि प्रत्येक समूह आपल्याच कुंपणात लग्ने करू लागला. माणसांच्या रक्तात जातीच्या भिंतीची तारीख सापडली.

या भिंतीचा आरोग्यावरही परिणाम होतो. लहानशा गटात पिढ्यान् पिढ्या लग्ने होत राहिली की एकच दोषी जनुक नवरा-बायको दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते. हे सर्वच जातींत आहे, वरच्या म्हणवणाऱ्यांतही आहे. भारतातल्या अनेक जातींत त्या त्या जातीत जास्त आढळणारे आनुवंशिक आजार आहेत. आंतरजातीय लग्न हा जात मोडण्याचा मार्ग तर आहेच, मुलांच्या आरोग्यालाही तो मदत करतो. मात्र सिकलचे वाहक अनेक समाजांत असतात. त्यामुळे लग्न जातीत असो वा जातीबाहेर, तपासणी दोघांचीही हवी.

इथे नायजेरियाकडून एक सवय घेण्यासारखी आहे. तिथे तरुण मुलामुलींना स्वतःचा 'एए' की 'एएस' हे रक्तगटासारखे पाठ असते. लग्न ठरवताना ते विचारले जाते आणि अनेक चर्चही लग्न लावण्याआधी हा रिपोर्ट मागतात. आपण धम्म स्वीकारला आणि पत्रिका, गुणमेलन सोडून दिले, हे चांगलेच केले. पत्रिकेच्या जागी आता रक्ताचा हा एक रिपोर्ट पाहू या. वधू-वर परिचय मेळाव्यात, विहाराच्या आवारात सिकलसेल तपासणीचे टेबल लावणे अवघड नाही. आरोग्य केंद्राला पत्र द्यावे लागते आणि एक दिवस आधी वस्तीत सांगावे लागते.

मात्र एक धोका आहे, तो मुलींच्या बाजूने. रिपोर्ट 'एएस' आला म्हणून मुलीचे लग्न मोडणे, तिलाच दोष देणे हे अन्यायाचे आहे आणि शास्त्राच्याही विरुद्ध आहे. वाहक मुलीने वाहक नसलेल्या मुलाशी लग्न केले तर त्यांच्या मुलाला आजार होत नाही. आजारी मूल होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही जनुक यावे लागते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही. प्रत्येक वेळी नव्याने तीच शक्यता असते.

रक्त देण्याआधी काय विचारायचे?

केंद्र सरकारच्या जीनोमइंडिया प्रकल्पात देशभरातल्या १०,००० लोकांचे जीनोम वाचले गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांना खुली झाली. खाजगी कंपन्याही जनुकांच्या तपासण्या विकू लागल्या आहेत. आज ना उद्या वस्तीत कोणी शिबिर घेऊन येईल. आपण नाही म्हणायचे असे आमचे मत नाही, कारण यादीत नाव हवे. पण डोळे उघडे ठेवून. ऐकलेले, परंपरेने आलेले किंवा मोठ्या माणसाने सांगितलेले म्हणून मानू नका, तपासून पाहा, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ते इथेही लागू आहे.

अमेरिकेतल्या हवासुपाई आदिवासींनी १९९० पासून एका विद्यापीठाला मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. नंतर त्यांना कळले की तेच रक्त मानसिक आजार आणि त्यांच्या पूर्वजांचे स्थलांतर अशा विषयांसाठीही वापरले गेले. त्यांनी दावा लावला. २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त परत केले. संघटित होते म्हणून त्यांना ते मिळाले.

म्हणून सही किंवा अंगठा देण्याआधी हे विचारा:

१. ही माझ्या उपचाराची तपासणी आहे की संशोधन? की दोन्ही?
२. माझा रिपोर्ट मला मिळेल का? कधी, आणि समजावून कोण सांगेल?
३. नमुना कुठे आणि किती वर्षे ठेवणार? दुसऱ्या कोणाला देणार किंवा विकणार का?
४. संस्था किंवा कंपनी बंद पडली तर नमुन्याचे काय होईल?
५. उद्या मी नको म्हटले तर नमुना आणि माहिती काढून टाकता येईल का?
६. यातून औषध निघाले तर आमच्या लोकांना ते कोणत्या दरात मिळेल?
७. माझे नाव, जात आणि आजार कोणाला कळेल?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनासाठी संमती घेताना माणसाला समजेल अशा भाषेत सर्व माहिती देणे बंधनकारक आहे, नैतिक समितीची परवानगी लागते आणि कधीही माघार घेण्याचा अधिकार असतो. नकार दिला म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. संमतीपत्र मराठीत मागा आणि त्याची प्रत घरी ठेवा.

घरात आजपासून काय करायचे?

तपासणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी होते. तिने सिकल आहे एवढेच कळते, वाहक की रुग्ण ते कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. ती झाल्याशिवाय 'एएस' किंवा 'एसएस' मानू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटी चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. रक्त चढवले असेल तर तीन महिने थांबून तपासा. मिळालेले कार्ड आधार कार्डासारखे जपा.

गरोदरपण. गरोदर बाईची तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच करा. ती वाहक निघाली तर नवऱ्याचीही लगेच करा. दोघेही वाहक असतील तर गर्भाची तपासणी करता येते, पण त्यासाठी वेळेत मोठ्या रुग्णालयात पोहोचावे लागते. निर्णय त्या बाईचा आणि त्या जोडप्याचा.

एसएस असलेले मूल. भरपूर पाणी पाजा, थंडीपासून जपा, लसी वेळेवर द्या आणि फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नका. हायड्रॉक्सीयुरिया सरकारी रुग्णालयांत मिळते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरलेल्या वेळी रक्त तपासत घ्यायचे. शेजाऱ्याच्या मुलाचे औषध आपल्या मुलाला देऊ नका. ताप, छातीत दुखणे, दम लागणे, एका बाजूला अशक्तपणा, एकदम पांढरेफटक पडणे किंवा डाव्या बरगडीखाली पोट फुगणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. या मुलांच्या वेदनेला वॉर्डात काही वेळा 'नाटक' म्हटले जाते. ते नाटक नाही, हे ठामपणे सांगा आणि कार्ड दाखवा.

मधुमेह. सिकलच्या वाहकांत तीन महिन्यांच्या साखरेची एचबीएवनसी ही तपासणी प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. ही तपासणीसुद्धा मुळात दुसऱ्यांच्या रक्तावर बेतलेली. घरात सिकल असेल तर डॉक्टरांना आधी सांगा आणि उपाशीपोटी व जेवणानंतरची साखरही तपासा.

हक्क. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेल आजाराचा समावेश आहे. रुग्णाने जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. परीक्षेत जादा वेळ आणि प्रवास सवलत यांबद्दल शाळेत आणि एसटी आगारात विचारावे.

वस्तीतल्या महिला मंडळाने एक वही घालावी. घरटी किती जण, किती तपासले, किती राहिले. कोणाचा रिपोर्ट काय ते त्यात लिहू नका, ती ज्याची त्याची खाजगी बाब आहे. राहिलेल्यांचा आकडा घेऊन आरोग्य केंद्रात जा आणि शिबिराची तारीख लेखी घ्या.

जयभीम! नमो बुद्धाय!